चौकट : भिंतीने परतवलेला उजेड

धार-देवासकडच्या जुन्या मराठी वाड्यांत माजघराला उजेड बेताचाच. तिथे कोथिंबीर, मेथी किंवा लेट्यूस वाढवायचे तर एलईडी दिव्याइतकीच भिंतही महत्त्वाची. छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून इकडेतिकडे सांडलेला प्रकाश भिंतीने पानांकडे परतवला पाहिजे. मायलर हा चकचकीत प्लास्टिक कागद 90 टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो, पण सुरकुती न पडता ताणून लावला तरच. पांढरा मॅट रंग 80 ते 90 टक्क्यांपर्यंत जातो आणि उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल मात्र नको. ती चुरगळते, शिवाय तिच्यातून वीज वाहत असल्याने वायरीजवळ धोक्याची.

माझे मत विचाराल तर घरच्या खोलीला चुन्याची सफेदीच उत्तम. स्वस्त, आणि क्षारधर्मी चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. मायलर लावलात तर त्याच्यामागे ओल साचत नाही ना, हे अधूनमधून पाहा. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात दिव्यांच्या उष्णतेची भर. त्या दिवसांत टायमर लावून दिवे रात्रीच चालवा आणि एक्झॉस्ट पंखा बंद करू नका.