कूलरची बेअरिंग जूनमध्ये वाचते

मार्च लागला की नागपुरात कूलरांवरची ताडपत्री उतरते, वाळ्याच्या नाहीतर वुडवूलच्या नव्या ताट्या बसतात आणि बटण दाबताच घरोघरी तीच तक्रार निघते. मागच्या जूनपर्यंत मुकाट चाललेली मोटर यंदा पहिल्याच दिवशी घरघरते. मिस्त्री शाफ्ट हातानं हलवून बघतो आणि ‘बेअरिंग गेली’ म्हणून मोकळा होतो. दोष अर्थातच उन्हाळ्याच्या माथी जातो, आणि ज्या शहरानं २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान सोसलं तिथं तो पटतोही. पण हिशेब जुळत नाही. जूनमध्ये आवाज नव्हता, मार्चमध्ये आहे, आणि मधल्या आठ-नऊ महिन्यांत मोटर एक फेराही फिरलेली नाही. मग ती चालून झिजली कधी? कूलरची बेअरिंग बहुतेकदा पडून राहिल्यानं खराब होते, आणि म्हणूनच तिच्याकडे बघायची वेळ होळीनंतरची नसून मृगानंतरची आहे.

मोटरच्या दोन्ही टोकांना एकेक बेअरिंग असते. कूलरच्या मोटरीत सर्रास सापडणारी ६२०२ नंबरची बेअरिंग घ्या: आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसलेली, बाहेरची मोटरच्या झाकणात, आणि दोन्हींमधल्या खाचेत पोलादी गोळ्या. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात, बहुधा लिथियमच्या, धरून ठेवलेलं तेल. गोळ्या फिरत असतात तोवर त्यांच्या आणि खाचेच्या मध्ये या तेलाचा केसाहूनही पातळ थर टिकतो आणि धातू धातूला लागत नाही. मोटर थांबली की गोळ्या एकाच जागी दाबून बसतात आणि तिथलं तेल हळूहळू बाजूला सरतं. त्यातून पावसाळ्याची दमट हवा आणि आपली सवय अशी की ओल्या ताट्या तशाच, टाकीच्या तळाला पाणी तसंच. नेमक्या त्या टेकलेल्या ठिकाणी गंज धरतो. अशी बेअरिंग उघडली तर खाचेत सारख्या अंतरावर तपकिरी डाग दिसतात, जिथं जिथं गोळी टेकली होती तिथं तिथं. चालून झालेली झीज अशी दिसत नाही. ती खाचेभर पट्ट्यासारखी पसरते. माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा हे डागच आहेत.

उष्णतेचा काहीच हात नाही, असं मात्र नाही. बेअरिंगचं तापमान सत्तर अंशांच्या वर गेलं की पुढच्या दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा बेअरिंग बनवणाऱ्यांचा आडाखा आहे. पण कूलरची मोटर बसते ती ताटीतून गाळून आलेल्या गार हवेत. बाहेर पंचेचाळीस असले तरी तिच्या अंगाला लागणारी हवा बरीच थंड असते. नवतपात टाकी कोरडी पडून पंखा तसाच चालू राहिला तर तिला खरी झळ बसते. दुसरा गुन्हेगार बोअरचं पाणी. त्यातले क्षार पंख्याच्या पात्यांवर कमीजास्त बसतात, पंख्याचा तोल जातो आणि ती थरथर थेट बेअरिंगवर येते. पाती पुसायला दहा मिनिटं लागतात, पण पुसतं कोण?

हंगामापुरत्याच चालणाऱ्या यंत्रांचा हा दुखणेकरीपणा काही नागपूरपुरता नाही. बर्फावरची स्नोमोबाइल, आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना फिरवते ती, नेमकी उलट्या हंगामात राबते: हिवाळाभर धावते, उन्हाळाभर शेडमध्ये पडते. तिचा पट्टा फिरवणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगला हंगाम संपताना, गाडी ठेवून देण्याआधीच ग्रीस भरायची रीत आहे. आत शिरलेलं पाणी ताज्या ग्रीसनं बाहेर ढकललं जावं, एवढाच त्यामागचा हेतू. आपण कूलर गंजू देतो आणि मग तेल शोधतो.

यावर एक रास्त आक्षेप असा की हल्लीच्या बेअरिंग बंद असतात, त्यांना ग्रीस लागतंच कुठं? बरोबर, आणि म्हणूनच बंद बेअरिंगवर बाहेरून ग्रीस थापणं व्यर्थ आहे. पण बंद असण्यातही फरक असतो. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची चकती असते. ती धूळ बऱ्यापैकी अडवते, ओल नाही. २आरएस असेल तर कडीला टेकणारं रबरी सील असतं. रबरानं किंचित ओढ वाढते, तरी कूलरसारख्या पाण्यात नांदणाऱ्या यंत्राला माझं मत रबरालाच आहे. उघडी बेअरिंग असेल तर ती रॉकेलनं धुऊन, पूर्ण सुकवून मगच ग्रीस भरावं, आणि तेही आतल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच. ठासून भरलेलं ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. जुन्यावर भलत्याच जातीचं ग्रीस चढवलं तर दोन्ही पातळ होऊन वाहूनही जाऊ शकतात. काही लहान मोटरींत गोळ्यांची बेअरिंग नसतेच, तेल प्यायलेलं सच्छिद्र पितळी बुश असतं. त्याला मशीनच्या तेलाचे चार थेंब हवेत, ग्रीस नको.

दुसरा आक्षेप: चालतंय ते कशाला उघडा? हाही मला मान्य आहे. दरवर्षी सवयीनं बेअरिंग बदलणं हा निव्वळ खर्च, आणि अडाणी हाताखाली तर नुकसानच. नवी बेअरिंग बाहेरच्या कडीवर हातोडी मारून शाफ्टवर चढवली की सगळा मार गोळ्यांमधून जातो, खाचेत बारीक खड्डे पडतात आणि ती पहिल्या दिवसापासून वाजते. दाब आतल्या कडीवरच यायला हवा, त्या मापाचा पाइपचा तुकडा लावून. जुनी काढायला पुलर. आता मोटरच नवी घेतली तर? जळालेल्या वाइंडिंगच्या मोटरीला तो सल्ला ठीक आहे. पण बेअरिंगची जोडी मोटरच्या किमतीच्या मानानं किरकोळ असते, आणि खराब बेअरिंग तशीच चालवली तरच शाफ्ट खातो, रोटर घासतो आणि वाइंडिंगवर बेततं.

तेव्हा पाऊस स्थिरावला की आधी प्लग काढा. कूलरच्या शॉकनं दरवर्षी जीव जातात, म्हणून बटण बंद करून भागत नाही. टाकी कोरडी करा, ताट्या बाहेर काढा, पाती पुसा आणि पंखा हातानं सावकाश फिरवा. बोटांना खरखर लागली किंवा शाफ्ट वर-खाली हलला तर बेअरिंगचा नंबर टिपून मिस्त्रीला तेव्हाच बोलवा. काहीच लागलं नाही तर मोटर उघडू नका. महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी पाच-दहा मिनिटं पंखा चालवा, म्हणजे गोळ्यांची जागा बदलते आणि तेल पुन्हा पसरतं. जुलैत मिस्त्रीकडे वेळ असतो. एप्रिलमध्ये त्याचा फोनही लागत नाही.