पिशवीतली 'गाठ': एक शब्द, चार आजार

मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानाचा. औषध देत नाही. 'नाव देणं म्हणजे काय' हा माझा विषय.

एखादीच्या अंगावरून जास्त जातं. दवाखान्यातून येऊन ती सांगते, 'पिशवीत गाठ आहे.' आता या एका शब्दात काय काय मावतं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात गर्भाशयाच्या आतला पॉलिप 'एन ८४.०', गर्भाशयमुखावरचा 'एन ८४.१', स्नायूची गाठ म्हणजे फायब्रॉइड 'डी २५', आणि अस्तराचा कर्करोग 'सी ५४.१'. चौघांची वाट वेगळी. पॉलिप बहुधा साधा असतो. दुर्बिणीतून तेवढाच काढता येतो, पिशवी राहते. मात्र तुकडा तपासल्याशिवाय तो साधाच, असं म्हणता येत नाही. म्हणून कागदावर लक्षण, संशय आणि निदान वेगवेगळं लिहायला हवं. रक्तस्राव हे लक्षण. तो कशाने होतो, ते निदान.

२०१९ साली बीडमध्ये ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्याकडूनही माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, म्हणून हे सांगतो.

तेव्हा विचारायचं: गाठ कुठली? तुकडा तपासला का? सोनोग्राफी, तुकड्याचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, तिन्ही जपून ठेवा. नावं जुळत नसतील तर कारण विचारा. विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. शरीर आपलं आहे.