गिरडची बाजारवाट

देवस्थानास जाणाऱ्या वाटेवरचा बाजार पाहिल्यावांचून त्या गांवाची खरी ओळख पटत नाहीं, असें आमचें मत आहे. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांतील गिरड हें असेंच एक गांव. वर्ध्याहून तें सुमारें 60 किलोमीटर आहे. येथील टेंकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा असून हिंदु व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक तेथें श्रद्धेनें येतात. आम्हीही सहकुटुंब गेलों होतों.

वाटेवरच्या पहिल्याच दुकानांत आलूबोंडे तळले जात होते. नागपूर-वर्ध्याकडे त्यांवर झणझणीत तर्री ओतून देण्याची रीत आहे. आम्हां वडील मंडळींच्या डोळ्यांस पाणी आलें; मुलांनीं मात्र द्रोण चाटूनपुसून संपविले. पुढें रेवड्यांचा ढीग होता. पाक ताणून ताणून त्याचे तुकडे करावयाचे व ते तिळांत घोळवावयाचे, एवढीच रेवडीची कृति. परंतु पाक कच्चा राहिला कीं ती दातांस चिकटते. येथील रेवडी कुडकुडीत निघाली.

आमच्या आत्याबाईंनीं बाजारांतलें कांहीं तोंडांत घातल्याचें घरांत कोणासच आठवत नाहीं. त्या फुटाणेवालीपाशीं थबकल्या.

"आजचेच का हे, बाई?"

"हात लावून पाहा ना आजी, गरमच हायेत."

आत्याबाईंनीं मूठभर फुटाणे घेतले! कोरड्या भाजक्या पदार्थास सोंवळ्याची अट सैल, असें जुनीं माणसें मानीत आलीं. त्यांत व्यवहारही आहे. तापलेल्या वाळूंत चण्याच्या आंतील ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो. आणि ओलावाच उरला नाहीं, म्हणजे पदार्थ सहसा नासत नाहीं.

या टेंकडीची आख्यायिकाही विक्रेत्यांचीच आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं बाबांची थट्टा केली. तत्क्षणीं त्यांच्याजवळील नारळ वगैरे सारा माल दगड झाला! ते शरण आले, तेव्हां बाबांनीं वाळलेल्या पानांपासून त्यांस नवा माल निर्माण करून दिला. पुढें ते तेथेंच सेवेस राहिले, व टेंकडीवरील दोन थडगीं त्यांचींच, असें सांगतात. तेथें सांपडणारे गोलसर खडे हाच तो माल, अशी समजूत आहे. भूशास्त्रज्ञ त्यांस झिओलाइट म्हणतात. सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्यांतील वायूच्या पोकळ्यांत मागाहून खनिजें साठून असे खडे बनतात.

शास्त्र खरेंच, पण कथेंतही एक जाण आहे. थट्टेबद्दल शिक्षा झाली, तरी बाबांनीं कोणाचें भांडवल बुडूं दिलें नाहीं. फिरत्या विक्रेत्याची टोपली हाच त्याचा संसार असतो. आपण सुशिक्षित मंडळी एक तर बाजारच्या खाण्यास सरसकट नाक मुरडतों, नाहीं तर पांच रुपयांसाठीं घासाघीस करतों. दोन्ही बरें नव्हे. समोर तळलेलें, भाजलेलें गरम गरम खावें. चिरून उघडीं ठेवलेलीं फळें व संशयाचें पाणी टाळावें. आणि देणाऱ्याशीं दोन शब्द गोड बोलावे, म्हणजे पोट व मन दोन्ही स्वस्थ राहतात.

फुटाण्यांची एक पुडी घरीं आली. दुसरे दिवशीं दुपारीं आत्याबाईंनीं ती स्वतःच्या हातानें सर्वांस वांटली.