पहिली वेलांटी आधी की नंतर

पंचवीस वर्षं लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवत आलेल्या माणसाला वेबपान शिकवायचं म्हणजे काय, हे भाचीला पहिल्याच संध्याकाळी कळलं. गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी इंटरनेटवर टाकायची होती. तिनं नोटपॅड उघडून दिलं आणि मी विचारलं, "पान केवढं? ए-फोर की डेमी?"

"मामा, पानाला मापच नसतं. कुणी मोबाइलवर बघेल, कुणी मोठ्या पडद्यावर."

हे पचायला मला आठवडा लागला. आमच्याकडे मथळा म्हणजे चोवीस पॉइंट, ठळक, मधोमध. एचटीएमएलमध्ये कोनी कंसात एच-वन लिहायचं, मजकूर घालायचा आणि तिरकी रेघ देऊन खूण बंद करायची. हा मथळा आहे, एवढंच सांगायचं. टिम बर्नर्स-लीनं सर्नमध्ये १९८९ साली वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना जोडण्यासाठी, पत्रिका सजवण्यासाठी नव्हे. सजावटीचे नियम वेगळे लिहायची सीएसएस हाकोन व्हियुम लीनं सुचवली ती १९९४ मध्ये. मला मात्र दोन्ही एकाच संध्याकाळी हवं होतं. त्या घाईत ठळकची एक खूण बंद करायची राहिली आणि तिथून खालची सगळी यादी ठळक झाली.

खरी फजिती पुढेच होती. माझ्या संगणकावर पान झकास दिसत होतं. सर्व्हरवर चढवलं आणि "मराठी" या शब्दाच्या जागी भलतंच काही उमटलं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी चार शिंगं फुटलेलं वर्तुळ, मग काहीतरी, की पुन्हा तोच ए. भाची हसली. "यूटीएफ-८ ची ओळ विसरलास."

मी तो कचरा प्रूफासारखा वाचला, कारण त्यात एक ठरावीक क्रम होता. युनिकोडमध्ये "मराठी" म्हणजे म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, एकूण पंधरा. ब्राउझरला तसं सांगितलं नाही, तर तो प्रत्येक बाइट सुटा युरोपीय अक्षर समजतो. पहिल्या चार चिन्हांत शिंगांचं वर्तुळ होतं, पाचव्यात त्या जागी जपानी येन. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी वर्तुळाच्या घरात राहतात, दुसऱ्या वेलांटीपासून येनचं घर सुरू होतं. पानाच्या माथ्यावर एक ओळ घातली आणि मराठी जागेवर आली.

बोटांना मात्र वेगळाच त्रास झाला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत "कि" हवा तर आधी वेलांटी, मग क, डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं. मागे साठवली जात ती इंग्रजी अक्षरं: एफ आणि डी. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, तोंडातून येतो तसा क्रम. डावीकडे न्यायचं काम संगणकाचं. माझी तर्जनी महिनाभर आधीच वेलांटी मारत होती.

सीएसएसमध्ये मात्र मी भाचीला शिकवलं. तिनं मथळ्याची अक्षरं इंग्रजीच्या धर्तीवर सुटी केली होती. शिरोरेघेचे तुकडे पडले. ते आधी काढायला लावलं. दोन ओळींतलं अंतर इतकं कमी, की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत अडकत. खिळ्यांच्या काळी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, तेच काम इथं एका आकड्यानं होतं. दीडपट अंतर सांगितलं, पान मोकळं झालं.

यादी चढली तेव्हा भाचीनं "इतिहास" शब्द शोधून दाखवला. पानभर पिवळे ठिपके उजळले. माझ्या जुन्या फायलींत हा शब्द शेकडो वेळा असेल, पण देवनागरीत शोधून एकदाही सापडला नसता.

आता ती जुनी हार्ड डिस्क मागते आहे. फॉन्ट बदलून देणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण पहिल्याच फायलीत त्यानं दहा ठिकाणी रफार भलत्या अक्षरावर नेऊन बसवला. मी लाल पेन काढलं. तिनं विचारलं, "पडद्यावर लाल पेननं काय करणार?" छापून दे म्हटलं.