‘पाय’ म्हणजे ‘बघ’

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन ठिकाणं आहेत. एक सिंदी (मेघे), वर्धा शहराला लागून. दुसरी आमची सिंदी (रेल्वे), सेलू तालुक्यातली, नागपूर-वर्धा लोहमार्गावरची. पत्त्यात कंसातलं ‘रेल्वे’ लिहायला विसरू नका, असं घरमालकिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्ही विसरलो. मुलीच्या लसीकरण कार्डाची प्रत माहेराहून मागवली, ती मेघेत फिरून बऱ्याच दिवसांनी हाती आली. चूक आमचीच होती.

आम्ही मे महिन्यात खेडहून इथे आलो. यांना बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं, आणि रेल्वेने ये-जा करता येईल अशा ठिकाणी परवडणारं घर हवं होतं. कोकणातून मे महिन्यात विदर्भात येणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. मुलगी तेव्हा चार वर्षांची. चार वर्षं, चार महिने, चार दिवसांची झाली की नानीच्या घरी बिस्मिल्लाह करायची, तिच्या हाती तख्ती द्यायची, असं सगळं ठरलेलं. तो दिवस बदलीत गेला. इथे नव्या घरात, अजून न उघडलेल्या खोक्यांच्या मधे बसून तिच्या अब्बूंनीच तिच्याकडून ‘बिस्मिल्लाह’ म्हणवून घेतलं. नानी फोनवर ऐकत होत्या. मुलीने खणखणीत म्हटलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचे अडीच महिने तिचा तो आवाज घराबाहेर कुणीच ऐकला नाही.

15 जूनला तिला न्हाऊमाखू घालून मी शाळेत घेऊन गेले, तर फाटकाला कुलूप. कोकणात त्या तारखेला शाळा सुरू होतात. विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. ‘अजून लई टाइम हाय बाई,’ असं सांगून शिपाईदादांनी आम्हाला परत पाठवलं. प्रवेशाला काही अडचण आली नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे वय 31 डिसेंबरला मोजतात. तोवर तीन पूर्ण असतील तर नर्सरी, चार असतील तर पुढचा वर्ग, आणि पहिलीला सहा पूर्ण हवीत. आमच्याकडे ज्याला छोटा शिशू म्हणतात त्याला इथे ‘केजी वन’ म्हणतात. जन्मदाखला आणि लसीकरण कार्ड एवढ्यावर भागलं. बदली होऊन जाणाऱ्या भगिनींसाठी एक सांगून ठेवते: मूल अंगणवाडीत असेल तर निघण्यापूर्वी तिथल्या ताईंना कळवा. 2021 पासून अंगणवाडीतल्या मुलांची नोंद पोषण ट्रॅकरवर असते आणि ती नव्या गावच्या अंगणवाडीकडे वळवता येते. आम्हाला हे माहीत नव्हतं, त्यामुळे इथे पुन्हा पहिल्यापासून नाव लिहावं लागलं.

शाळा सुरू झाली आणि आमची मुलगी मुकी झाली.

रडली नाही, हे त्यातलं विशेष. इतर मुलं आईचा पदर सोडत नव्हती. ही शांतपणे आत जाऊन बसायची आणि सुटेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. घरी आली की माझ्याशी, अब्बूंशी, फोनवर नानीशी भरभरून बोलायची. चौथ्या दिवशी ती ओली होऊन आली. शाळेत कुणी रागावलं नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं. आठवड्याने बाईंनी मला थांबवलं. बाई खरंच मायाळू, आवाजात गोडवा. म्हणाल्या, ‘आपकी बच्ची को मराठी नहीं आती ना, इसलिए मैं उससे हिंदी में ही बात करती हूँ. फिर भी नहीं बोलती.’

मी म्हटलं, ‘बाई, तिला हिंदी येत नाही. तिला मराठीच येतं.’

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुमच्यात मराठी बोलतात?’

हा प्रश्न या मासिकाच्या वाचकांना नवा नाही. रेल्वेत, दवाखान्यात, बँकेत आपण तो ऐकत आलो आहोत आणि हसून सोडून देतो. पण यावेळी तो चार वर्षांच्या पोरीच्या वाट्याला आला होता. नाव ऐकून लोक तिच्याशी एका भाषेत बोलत होते, आणि तिची भाषा दुसरीच. शेजारच्या खालाही प्रेमाने हिंदीतच विचारायच्या, कारण इथल्या बऱ्याच मुस्लिम घरांत हिंदी-उर्दूच बोलतात. त्यांच्या नातवासाठी ती घरची भाषा आहे आणि त्याच्याशी तीच बोलायला हवी. आमच्या घरी चिपळूणपासून खेड-दापोलीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या कोकणीच चालत आली. एका दीनचे आहोत म्हणून सगळ्यांची मातृभाषा एक होत नाही.

मराठीत बोलायला लागल्यावर तरी अडचण सुटेल, असं मला वाटलं. पण मराठीही इथली वेगळी. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींनी मला ‘सांबार देऊ का?’ विचारलं आणि मी म्हटलं, ‘नको, घरीच करते.’ त्या कोथिंबिरीची जुडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी मोठी बाई, मला हसता आलं. वर्गात बाई मुलीला मायेने म्हणत, ‘इकडे पाय न बेटा,’ आणि ही मान खाली घालून आपल्या पायांकडे बघायची. ‘पाहा’चं इथे ‘पाय’ होतं. आमच्या घरात ‘बघ’. बाईंना वाटायचं, पोर लाजते. पोरीला वाटायचं, आपल्या पायांचं काहीतरी चुकलंय. घरी येऊन तिने मला विचारलं, ‘अम्मी, माझे पाय घाण आहेत का?’

तेव्हा मला गोष्ट उमगली. मी वहीच्या एका पानावर तिच्या बोलण्यातले वीसेक शब्द लिहिले: शी-शूचे, तहान-भुकेचे, दुखण्याचे, ‘मला नको’ आणि ‘मला घरी जायचंय’ यांसाठी ती काय म्हणते ते. पुढे बाईंचा शब्द मोकळा ठेवला. बाईंनी ते पान फळ्याशेजारी चिकटवलं. कपडे ओले होणं त्या दिवसापासून थांबलं. बोलणं मात्र सुरू झालं नाही.

ज्यांनी परक्या भाषेत पडलेल्या लहान मुलांचा अभ्यास केला आहे ते सांगतात की अशी मुलं सुरुवातीला बरेचदा गप्प असतात, काही आठवडे, कधी काही महिनेही. ऐकतात, साठवतात. ‘बोल, बोल’ म्हणून मागे लागलं तर आणखी मिटतात. मात्र मूल घरीही बोलेनासं झालं, आधी येणारे शब्द विसरू लागलं किंवा हाक मारली तरी वळेना, तर वाट बघत बसू नये. कान आधी तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांनाही दाखवता येतं. आमची घरी अखंड बोलत होती, म्हणून मी धीर धरला. अर्थात हे आता लिहिणं सोपं आहे. तेव्हा मी रोज शाळा सुटताना बाईंच्या चेहऱ्याकडे बघून काही बातमी आहे का ते ताडायची.

घरात कुणी सुचवलं, उर्दू माध्यमात घाला. कुणी म्हणालं, आता इंग्रजीच, म्हणजे हा मराठी-हिंदीचा घोळच नको. मी ज्या जिल्ह्यात राहायला आले होते तिथे या प्रश्नावर फार पूर्वी विचार झालेला आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झाले. शिक्षण मातृभाषेतून, हा त्या योजनेचा पाया. ‘अब्बू खाँ की बकरी’सारखी मुलांची गोष्ट उर्दूत लिहिणारा हा माणूस, मुलाची भाषा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. ती योजना सात वर्षांपुढच्या मुलांची होती, लहानग्यांचा विचार नई तालीममध्ये पुढे आला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरची भाषा असं म्हटलं आहे. ज्याच्या घरी उर्दू त्याला उर्दू, हे बरोबरच. आमच्या घरी मराठी, म्हणून आम्ही मराठी शाळा सोडली नाही.

ताराबाई मोडकांचीही मला तेव्हा आठवण व्हायची. राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून, लहान मुलीला घेऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. नवं गाव, दुसरी भाषा. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, आणि पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला.

आमच्या मुलीला मात्र कुणी मोठ्या माणसाने बोलतं केलं नाही. खालांचा नातू तिच्याच वर्गात. घरी हिंदी, गल्लीत अस्सल वऱ्हाडी. एक दिवस ओट्यावर बसून तो तिला समजावत होता. आधी तिच्या पायाला बोट लावून ‘हा नाही’, मग दोन बोटं डोळ्यांकडे नेऊन, ‘पाय म्हंजे असं.’ ती त्याच्या डोळ्यांकडे, मग बोटांकडे बघत राहिली. त्या रात्री जेवताना तिने मला गंभीरपणे सांगितलं, ‘अम्मी, पाय म्हणजे बघ.’

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलांचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आला असं सांगतात, आणि सिंदीचा तर आसपास नावाजलेला. मुलं सजवलेले लाकडी नंदी ओढत नेतात, काही नंदी मोठ्या माणसाहून उंच. घरोघर मुलांना पैसे-खाऊ मिळतो, त्याला बोजारा म्हणतात. मुलीला चाकांचा बैल हवा झाला. सासूबाईंनी फोनवर विचारलं, ‘पूजा करायला लावतात का?’ रास्त प्रश्न होता. पूजा होते, त्यात आम्ही गेलो नाही. पण वीतभर लाकडी बैल दोरीने ओढणं हे खेळणं आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत पंखांचा घोडा होता आणि तो पाहून रसूलुल्लाह (स.) हसले, ही रिवायत सासूबाईंनीच मला लग्नानंतर सांगितली होती. मी तीच त्यांना आठवून दिली. ‘मग घे,’ म्हणाल्या. दुसऱ्या घरात वेगळा निर्णय झाला तर त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मिरवणूक आम्ही ओट्यावरून पाहिली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. पुढच्या खोलीतून आवाज आला, मला वाटलं शाळेच्या बाई आल्या. डोकावले, तर मुलगी फरशीवर पालथी पडून बैलाशी बोलत होती. हुबेहूब बाईंचा सूर: ‘काऊन बोलून नाही राहिला बेटा? इकडे पाय न.’ बैल अर्थातच गप्प. तिने त्याला तीनदा विचारलं, मग त्याच्यासमोर वाटीत दोन कुरमुरे ठेवले आणि म्हणाली, ‘राहू दे. उद्या बोल.’

आठ-दहा दिवसांनी शाळेत तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला. शेजारच्या मुलाने तिचा डबा ओढला तेव्हा ती ओरडली, ‘सोड न बे!’ बाई मला हे सांगताना हसत होत्या आणि मला रागवावं की आनंद मानावा कळेना.

आता नानीशी फोनवर बोलताना तीच जास्त बोलते. परवा सांगत होती, ‘नानी, अम्मीने मला सांबार आणायला पाठवलं, मी एकटी गेली.’ नानींनी घाबऱ्याघुबऱ्या मला फोन द्यायला लावला. ‘एवढ्याशा पोरीच्या हाती गरम सांबार देतेस? आणि घरी करत नाहीस का?’