स्पिनर फिरत नाही? मशीन भंगारात घालण्याआधी हे बघा

बेळगाव : पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि नेमका तेव्हाच जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा स्पिनर बंद पडतो. 'आता नवीनच घ्या' हा सल्लाही लगेच मिळतो. पण बऱ्याचदा बिघाड दोन-तीनशे रुपयांच्या पार्टमध्येच असतो.

आधी प्लग काढा. मागचं कव्हर उघडा, स्पिनरचं झाकण बंद ठेवा आणि मोटरवरची चकती हाताने फिरवून बघा. जाम असेल तर ब्रेक वायर तुटली किंवा सैल झाली असेल. मोकळी फिरते, पण मशीन चालू केल्यावर मोटर नुसतीच घुमते, तर बहुधा कपॅसिटर गेला. धुण्याच्या बाजूला मोटर फिरते आणि आतला पंखा फिरत नाही, तर पट्टा तपासा.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो. टोकांना हात लावू नका, ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या. कपॅसिटरवरचे एमएफडीचे आकडे तेच हवेत, व्होल्ट कमी नकोत. पट्ट्याचा नंबरही तोच हवा.

मोटरच जळाली असेल, तर मात्र खर्चाचा हिशेब मांडून मगच ठरवा.