नोंदीमागचा रुग्ण

माझे आई-बाबा दोघेही डॉक्टर. मी आरोग्य माहिती तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निवडला, तेव्हा बाबांनी हसत विचारले होते, "म्हणजे तू आमचे कागद सांभाळणार?" या प्रश्नाचे उत्तर मला इंदूरच्या एका रुग्णालयातील अभिलेख विभागात, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणकाळात मिळाले.

आपल्या शहरात वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात १८७८ साली झाली, तर १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. रुग्णाच्या खाटेशी, गुरुजनांच्या नजरेखाली शिकण्याची ही परंपरा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. अभिलेख विभागातील शिक्षणही त्याच पद्धतीचे असते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

तेथील ज्येष्ठ अधिकाऱ्यांना सारे 'बाबूजी' म्हणत. पहिला महिनाभर त्यांनी मला संगणकाला हातही लावू दिला नाही. घरी गेलेल्या रुग्णांच्या फायली तपासायच्या, पाने क्रमाने लावायची, सही नसेल तेथे खूण करायची, एवढेच काम. त्यानंतर आयसीडी-१० नुसार निदानांना संकेतांक देणे सुरू झाले. फाईलवर नुसते 'मधुमेह' लिहिलेले असले, की संकेतांक ई-१४.९, म्हणजे प्रकार अनिश्चित, गुंतागुंत नाही. प्रत्यक्षात त्या रुग्णाचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असून त्यामुळे मूत्रपिंड बिघडलेले असेल, तर संकेतांक ई-११.२ हवा. पण डॉक्टरांनी लिहिले नाही, ते आम्ही अंदाजाने भरायचे नाही, असा बाबूजींचा दंडक होता. शंका आली, की फाईल घेऊन डॉक्टरांकडे जायचे.

एके दिवशी वॉर्डातून जुन्या फाईलची मागणी आली. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका स्त्रीची ती फाईल होती. नाव आणि वय जुळले, म्हणून मी घाईने फाईल काढली. बाबूजींनी नोंदणी क्रमांक पाहिला आणि ती माझ्या हातातून काढून घेतली. त्याच नावाची, त्याच वयाची ती दुसरीच स्त्री होती. योग्य फाईल मिळाली, तेव्हा तिच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेले दिसले : पेनिसिलीनची ॲलर्जी. मी काढलेल्या फाईलमध्ये असा उल्लेख नव्हता.

बाबूजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, नावे सारखी असतात, माणसे नसतात." त्या रात्री मला झोप लागली नाही.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला. त्यातील चौदा अंकी 'आभा' क्रमांकामुळे रुग्णाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी, त्याच्या संमतीने, जोडता येतात. ही सोय मोठीच आहे. परंतु चुकीची नोंद एकदा जोडली गेली, की तीही तितक्याच वेगाने पुढे जाते. म्हणूनच यंत्र हाती देण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या पाठीशी एक अनुभवी नजर हवी.

या स्मरणिकेच्या निमित्ताने डॉक्टर मंडळींना माझी नम्र विनंती आहे. आपल्या रुग्णालयात असे विद्यार्थी आले, तर त्यांना केवळ टंकलेखनाला बसवू नका. कधी राउंडला सोबत न्या आणि शंका विचारायला आले, तर दोन मिनिटे द्या. निदान पूर्ण आणि सुवाच्य लिहिलेत, तर आमचे निम्मे शिक्षण तेथेच होते.

आणि बाबांच्या प्रश्नाचे उत्तर? होय बाबा, मी कागदच सांभाळते. त्या कागदामागे तुमचा रुग्ण असतो.